पहाटे चार दहाची ओळ

माझ्या हातून आयुष्यात मोठी चूक अशी झाली नाही, कारण मोठं असं काही मी केलंच नाही. चौतीस वर्षं मी तंजावूरच्या राजवाड्यातल्या मोडी कागदांच्या याद्या केल्या. कागद बांधलेला रुमाल सोडायचा, एकेका कागदाचा विषय, साल आणि लिहिणाऱ्याचं नाव एका ओळीत उतरवायचं, रुमाल पुन्हा बांधायचा. जिथे शंका येईल तिथे ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालायचं. "शेषाद्री राव, तुमच्या यादीत कागद कमी आणि प्रश्नचिन्हं जास्त," असं आमचे साहेब म्हणत. ते खरं होतं. ज्या एका ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह घातलं नाही, तिच्याबद्दल हे लिहितो आहे. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली होती. दारं बंद, देवळं बंद, कावेरीकडे फिरायला जाणं बंद. रोज संध्याकाळी सरकारी आरोग्य खात्याचं पत्रक फोनवर येऊ लागलं. जिल्हावार नवे रुग्ण, बरे झालेले, मेलेले. मी एक लांबोडकी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि तंजावूरची ओळ रोज उतरवून घेऊ लागलो. का, ते सांगता येणार नाही. हात रिकामे होते आणि याद्या करण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

पत्रकाच्या शेवटी मेलेल्यांचे तपशील असत. नाव नसे. बासष्ट वर्षांचा पुरुष, तंजावूर, मधुमेह, अमुक तारखेला दाखल, तमुक तारखेला इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी मृत्यू. अशा ओळी वाचताना मला जुन्या दफ्तरातले कागद आठवत, ज्यांच्यावरचं नाव कसरीने खाल्लेलं असे. ते नाव शोधायची खोड मला आहे. दूध घालणारी महालक्ष्मी सांगे की मागच्या गल्लीतल्या शिंप्याला गाडीतून नेलं. औषधाच्या दुकानात कुणाच्या आईबद्दल कळे. वय, दाखल केल्याची तारीख आणि आजार जुळला की मी त्या ओळीपुढे नाव लिही. पण मोडीत. त्या दिवसांत ज्या घरी रोग शिरला त्या घरासमोरून लोक पावलं उचलून चालत. वही कुणाच्या हाती पडली तर त्या घराला आणखी त्रास नको. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आहेत, पण देवनागरी वाचणारे चार सापडणार नाहीत. मोडी वाचणारा मी एकटाच.

"सत्तरीनंतर यमाकडे नोकरी धरलीत," माझी बायको अलमेलु म्हणे. "घरी सांगायचं तरी होतं की. डबा बांधून दिला असता."

माझी थट्टा करणारा दुसरा माणूस म्हणजे सांबशिव. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, माझ्याहून एका वर्षाने मोठा. लहानपणापासून तो बोले आणि मी ऐके, अशी आमची वाटणी होती. बाहेर पडणं बंद झाल्यावर तो रोज साडेसहाला फोन करी आणि आमच्या तंजावूरच्या मराठीत विचारी.

"काय चित्रगुप्ता, आजचा आकडा?"

"सत्तावीस."

"गेले किती?"

"एक."

"त्यांत मी अहे का बघ."

"नाहीस."

"सरी. मग उद्यां बोलूं."

एवढंच. कधीकधी मागून त्याची बायको राजमवहिनी ओरडे, "अय्यो, कसलं अभद्र बोलतां!" तो हसे आणि फोन ठेवी. वर्षभर हे चाललं. मधे आकडे उतरले, तेव्हा "तुझी नोकरी जाणार," असं तो म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात ते इतके चढले की मी रकाने रुंद केले.

पंधरा मे दोन हजार एकवीसला संध्याकाळी सांबशिवला धाप लागली. गाडी आली, त्याला घेऊन गेली. राजमवहिनीलाही ताप होता, पण तिला घरीच राहायला सांगितलं. मुलगा प्रणवेश चेन्नईत, तिथून निघायची सोय नव्हती. मी रोज साडेसहाला फोनजवळ बसे. फोन वाजत नसे. पत्रक आलं की मी आधी तपशिलाच्या ओळी वाची, मग आकडा.

चोवीसला सकाळी इस्पितळातून प्रणवेशला फोन गेला की वडील काल वारले. दाखल्यावर तेवीस तारीख. राख मिळाली, ती एका ओळखीच्याने आणून दिली. कुणी काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अलमेलुने मला सांगितलं, "प्रणवेशचा फोन होता. तिथीचं विचारत होता. तेवीसला सकाळी पावणेसातपर्यंत एकादशी, मग द्वादशी. वेळ ठाऊक नाही, तर तिथी कोणती धरायची? फार रडत होता. जाऊं शकलों नाही, तिथी पण धड ठाऊक नाही म्हणतो."

आमच्याकडे श्राद्ध तारखेवर होत नाही, तिथीवर होतं. आणि तिथी धरतात ती प्राण गेला त्या क्षणाची. दाखल्यात तारीख होती, वेळ नव्हती. वेळ फक्त पत्रकात येई. त्या संध्याकाळी पत्रक आलं. मी ओळी एकेक करून वाचल्या आणि मला ती सापडली. चौऱ्याहत्तर वर्षांचा पुरुष, तंजावूर, मधुमेह, सोळा मे रोजी दाखल, तेवीस मे रोजी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मृत्यू.

सोळा. सांबशिवला पंधराला नेलं होतं. इथे माझा हात थांबायला हवा होता. एरवी शंभर वर्षांपूर्वीच्या सावकाराच्या नावावरून मी आठवडा काढला असता. पण मी स्वतःला सांगितलं की खाटा नव्हत्या, गाड्यांची रांग होती, खाट मिळून नोंद होईपर्यंत सोळा उजाडली असेल. वय तेच, आजार तोच, मरणाची तारीख तीच. आणि पहाटे चार दहा म्हणजे एकादशी. वैशाखातली शुद्ध एकादशी. असं मरण आमच्या लोकांत मागून मिळत नाही.

मी ओळीपुढे मोडीत सांबशिवचं नाव लिहिलं. प्रश्नचिन्ह घातलं नाही.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा, न बोलावता, कुणाच्या दारी काही सांगायला गेलो. राजमवहिनी आत, मी फाटकाबाहेर, दोघांच्या तोंडाला फडकं. तिच्या हातातल्या फोनवर प्रणवेश होता, आवाज मोठा केलेला. मी ओरडूनच सांगितलं, "वहिनी, पहाटे चार दहा. एकादशी होती."

वहिनी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. फोनमधून प्रणवेशचा आवाज आला, "एकादशी? खरंच, शेषाद्रीमामा? अप्पा एकादशीस गेले?"

"हो," मी म्हणालो. "लिहिलेलं अहे."

तो रडला, पण ते रडणं वेगळं होतं. परत येताना मला लाज वाटेल इतकं बरं वाटत होतं. माझी वही कुणाच्या तरी कामाला आली होती. घरी येऊन मी ती मिटली आणि कपाटात ठेवली. ज्याच्यासाठी आकडा ठेवायचा तोच उरला नव्हता.

वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात अलमेलु म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी सांबशिवाचं वर्षश्राद्ध. प्रणवेश बुधवारी येतो. या खेपेस तुम्हांला जायला पाहिजे. वर्षभर तुम्ही त्या घरी पाऊल ठेवलं नाहीत."

ते खरं होतं. वहिनीसमोर काय बोलावं हे मला कळत नसे. दर महिन्याचं मासिक श्राद्ध व्हायचं तेव्हा अलमेलु जाई, मी काही निमित्त काढी. आता जायचं ठरलं तेव्हा मी वही बाहेर काढली. वाटलं, राहिलेले दिवस भरून ती पुरी करावी आणि मग जावं. मधेच तुटलेली यादी मला बघवत नाही. जुनी पत्रकं अजून मिळत होती. मी सव्वीस मेपासून सुरुवात केली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. काही मृत्यूंचे तपशील चारपाच दिवसांनी येत, हे मला वर्षापूर्वीही ठाऊक होतं.

एकोणतीसच्या पत्रकात ती ओळ होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा पुरुष, तंजावूर, मधुमेह, पंधरा मे रोजी दाखल, तेवीस मे रोजी रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी मृत्यू.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचली. पंधरा. मग पहिली ओळ काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन म्हातारे, एकच वय, एकच आजार, एकाच दिवशी गेलेले. एक पहाटे, एकादशीला. एक रात्री, द्वादशीला. माझा मित्र दुसरा होता. मी वर्षभर एका परक्या माणसाचं मरण राजमवहिनीला दिलं होतं. बारा महिने त्या तिथीवर पिंड पडले होते. प्रणवेशच्या वर्षाच्या दुःखाला मी लाकडाचा टेकू म्हणून गवताची काडी दिली होती.

दोन दिवस मी त्या दोन ओळीच वाचत होतो. जेवताना अलमेलुने वाटी खाली ठेवली. "काय झालं? साराचा भुरका मारता तो पण ऐकूं येत नाही."

मी सांगितलं. तिने दोन्ही ओळी माझ्याकडून ऐकून घेतल्या.

"गप्प बसा," ती म्हणाली. "त्या बाईला एक आधार अहे. एकादशीस गेले, असं ती कुठं बोलत नाही, पण तो मुलगा अवघ्यांस सांगतो. आतां जाऊन काढून घेणार?"

"आणि शुक्रवारचं श्राद्ध? चुकीच्या तिथीवर?"

ती थोडा वेळ पानावरचा भात चिवडत राहिली. "माझं ऐकून गप्प बसाल तुम्ही," ती मग म्हणाली. "पण कूस बदलत बसाल, आणि मजही निजूं देणार नाहीत. जा. सकाळीं जा. पोर यायच्या अगोदर."

सकाळी कापडी पिशवीत वही घालून निघालो. दोन गल्ल्यांचं अंतर, सात मिनिटं लागतात. मला चाळीस लागली. कोपऱ्यावरून एकदा परत फिरलो, विड्याची पानं घ्यायची राहिली म्हणून. पानं घरात होती, तीच पिशवीत टाकून पुन्हा निघालो. रिक्षावाल्याने "एंगे, रायर?" म्हणून विचारलं, त्याला कुठे नाही म्हणून सांगितलं. मनात वाक्य जुळवत होतो. 'वहिनी, एक लहानशी दुरुस्ती.' छे. 'वहिनी, नोंदीत जरा गफलत.' नोंदीत नाही, माझ्यात. जे वाक्य नीट जमे ते खोटं वाटे.

राजमवहिनी गच्चीवर होती. धोतराच्या जुन्या पानावर तांदळाच्या पिठाचे वडाम, म्हणजे तळायच्या पापड्या, घालत होती. वर्षात ती बारीक झाली होती. मला पाहून तिने हात धुतले नाहीत, नुसते पदराला पुसले.

"या, भावजी. वाट चुकलात काय?"

"वहिनी, माझी चूक झाली."

"बसा तर अगोदर. ऊन लागेल, तिकडे टाकीच्या सावलीत बसा. कॉफी आणतें."

"नको. बसलों तर बोलतां येणार नाही." मी पिशवीतून वही काढली. ती हातात उलटी आली, सरळ केली. "एकादशी नव्हती. ती ओळ सांबशिवाची नव्हती. मी वाचलं, पण नीट वाचलं नाही. त्याची ओळ नंतर आली, मी वही मिटल्यावर. रात्री आठ चाळीस. द्वादशी." आणि मग मी न जुळवलेलं बोलून गेलो. "तारीख एका दिवसाने जुळत नव्हती. मज दिसलं होतं. मज एकादशी हवी होती म्हणून मी ते सोडून दिलं."

वहिनी खाली बसली. एक वडाम कडेला मोडला होता, तो तिने बोटाने सारखा केला.

"आठ चाळीस," ती म्हणाली. "त्या ओळीत दाखल केल्याची तारीख पंधरा अहे?"

"हो."

"मग ती त्यांचीच."

मी उभाच होतो. खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करायची खटपट करत होतं, ती होत नव्हती.

"मज ठाऊक होतं, भावजी," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पहाटे गेले नाहीत ते. तेवीसला सकाळीं आठ वाजतां त्यांचा फोन आला होता. एका नर्सचा फोन मागून घेतला होता. दोन मिनिटं बोलले. धाप होती, पण बोलले. पहाटे चारला गेलेला माणूस आठला कसा बोलेल?"

"मग तुम्ही तेव्हां का बोलला नाहीत? मी फाटकाशी ओरडत होतों..."

"तुम्ही ओरडत होतां म्हणूनच," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत तुमचा एवढा आवाज ऐकला नव्हता. आणि फोनवर तो पोरगा. आठच्या फोनचं मी त्यास सांगितलं नव्हतं, आपल्याशी बोलले नाहीत म्हणून आणखी रडला असता. दोन दिवस जेवला नव्हता. एकादशी ऐकून त्याने त्या दिवशी भात खाल्ला. मी काय म्हणूं, शेषाद्रीमामा चुकतात म्हणून?"

"पण श्राद्ध, वहिनी. बारा मासिकं चुकीच्या तिथीवर..."

"तुम्ही स्मार्त. तुमच्याकडे एकादशीस श्राद्ध करतात." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "आम्ही माध्व. आमच्या घरी एकादशीस चूल पेटत नाही, पिंड कुठून पडणार? एकादशीचं श्राद्ध आम्ही द्वादशीस करतों. पहिल्या महिन्यापासून द्वादशीसच चाललं अहे. शुक्रवारीं पण द्वादशीच. पंचांग बघा."

मला बघायची गरज नव्हती. सांबशिवच्या घरी एकादशीला मी लहानपणापासून उपाशी परत आलो होतो. त्याच्या आईने मला पाण्याशिवाय कधी काही दिलं नाही त्या दिवशी. एवढं मला माहीत होतं, आणि दोन दिवस ते माझ्या डोक्यात आलं नाही. अलमेलुच्याही नाही.

"विधी चुकत असता तर बोललें असतें," वहिनी म्हणाली. "विधी चुकत नव्हता. म्हणून राहूं दिलं. ज्यांस एकादशी हवी त्यांच्याकडे एकादशी राहिली." मग तिने वर पाहिलं. "पण एक गोष्ट तुमची माझ्याकडे राहिली अहे. ती देतां येईना. दिली असती तर तुम्हांस कळलं असतं की चूक झाली."

"कसली?"

"त्या सकाळीं ते बोलले त्यांत माझ्यासाठीं थोडंच होतं. गॅसची टाकी कुणाकडून आणवायची, ते. प्रणवेशास येऊं देऊं नको, ते. आणि मग म्हणाले, शेषाद्री वाट बघत असेल. त्यास सांग, मी अजून आकड्यांत नाही."

दुचाकी सुरू झाली आणि गेली. मी टाकीच्या सावलीत जाऊन बसलो. वही मांडीवर होती. चष्म्यातून काही दिसत नव्हतं आणि तो पुसायलाही हात उचलला जाईना. वहिनी वडाम घालत राहिली. एक ओळ झाली, दुसरी सुरू केली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग ते चार दहाचे कोण?"

"ठाऊक नाही."

"तंजावूरचेच ना?"

"जिल्ह्यात कुठलेही असतील. पापनाशमचे असतील, इथल्या पलीकडल्या रस्त्यावरचे असतील. नाव देत नाहीत."

"त्यांच्या घरी कुणी सांगितलं असेल काय, एकादशी होती म्हणून?"

वर्षभर मी त्या माणसाकडे माझा मित्र म्हणून पाहिलं होतं. तो कुणाचा तरी असेल, त्याचंही कुणी दाखल्यावरची तारीख घेऊन पंचांग चाळत बसलं असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी पेन काढलं, पहिल्या ओळीपुढचं मोडी नाव एका रेघेने खोडलं आणि तिथे प्रश्नचिन्ह काढलं. सवयीने ते नीट आलं.

"काय लिहिलंत?"

"जागा ठेवली. कुणी विचारायला आलं तर."

"कुणी येणार नाही," ती म्हणाली. "पण ठेवा."

दुसऱ्या ओळीपुढे मी पेन टेकवलं आणि मोडीतला पहिला फराटा काढला. वहिनी जवळ येऊन वाकून पाहत होती. पिठाचा हात तिने लांब धरला होता.

"हे कुणास वाचतां येतं?"

"मज एकट्यास."

"तुमच्यामागं?"

"कुणासच नाही."

"मग मज वाचतां येईल असं लिहा की. आतां कुणापासून लपवायचं?"

वहिनीला वाचता येतं ते तमिळ. मी तो फराटा खोडला आणि तमिळ अक्षरांत लिहिलं. माझं तमिळ अक्षर चांगलं नाही. एकेक अक्षर मी शाळेतल्यासारखं सुटं काढलं. तिने ते बोट न लावता, हवेत बोट फिरवत मोठ्याने वाचलं. साम्ब. सिवन्. आणि पुढे आकडे: २३, ८-४०. नवऱ्याचं नाव तिने माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं. वाचून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने पदर तोंडाशी नेला.

"प्रणवेशास?" मी विचारलं.

"श्राद्ध होऊं दे. मग मी सांगतें. फोनचं पण सांगतें. अप्पा आठला बोलत होते, हे ऐकून त्यास काय वाटेल, कोण जाणे." तिने उठून उन्हाकडे पाहिलं. "शुक्रवारीं सकाळीं लवकर या. द्वादशीस जेवण लवकर होतं. आणि वही आणा, त्यास बघायची असेल."

मी जिना उतरलो. फाटकाशी आलो तेव्हा वरून तिचा आवाज आला, विड्याची पानं विसरलात म्हणून. पिशवी टाकीजवळ राहिली होती. ती घ्यायला मी पुन्हा वर गेलो.